नव्या ट्रॅक्टरची घरगुती सर्व्हिसिंग: विधी आणि विधिनिषेध

पाडव्याला दारात ट्रॅक्टर आला, चाकाखाली लिंबू चिरडले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले आणि मडगार्डवर ‘आई-वडिलांची कृपा’ रंगवून झाली, की यंत्राची यथोचित काळजी घेतली गेली असे मालक समजतो. ही समजूत निम्मी बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका.

साहित्य

ग्रीसगन, रिंग पान्यांचा संच, टायरची हवा मोजायचा गेज, रुंद घमेले, स्वच्छ सुती फडके, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचे इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, ड्रेन प्लगसाठी नवे वायसर आणि खुद्द पुस्तिका. पुस्तिका शोधायला अर्धा दिवस राखून ठेवावा. ती बहुधा आरसी आणि कर्जाच्या हप्त्यांच्या तक्त्याच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेल्या अवस्थेत सापडते. ट्रॅक्टरवर चार स्पीकरचा टेप बसला असून घरात ग्रीसगन नसेल, तर पुढचा मजकूर दोनदा वाचावा.

पायरी पहिली: वय मोजणे

मोटारसायकलचे वय किलोमीटरमध्ये, ट्रॅक्टरचे तासांत. म्हणून डॅशबोर्डवर तासांचे मीटर असते. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिस 50 तासांच्या आसपास सांगतात. नांगरटीच्या हंगामात हे तास आठवड्याभरात भरतात, एरवी दोन महिने लागतात.

या काळात इंजिनच्या रिंगा लायनरशी जुळवून घेत असतात. त्यासाठी इंजिनवर मध्यम भार हवा. आमच्याकडे मध्यम या शब्दाला मान नाही. एक मालक तिसऱ्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढ चढवतो. दुसरा ‘नवा आहे, जपून’ म्हणत तो मिरवणुकीत डीजेपुढे उभा करतो आणि रात्रभर नुसता फटफटत ठेवतो. पहिल्याने इंजिन दमते. दुसऱ्याने रिंगा नीट बसत नाहीत, लायनर गुळगुळीत होतो आणि पुढे इंजिन ऑईल खाऊ लागते. जपून वागवलेल्या यंत्राचे असे व्हावे, याचा मालकाला मग मनापासून धक्का बसतो.

पायरी दुसरी: पहाटेची कामे

ही कामे पहाटेच करावीत. कारणे दोन. शास्त्रीय कारण असे की रात्रभरात सगळे ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते, त्यामुळे डिपस्टिक खरे बोलते. शिवाय गार रेडिएटरचे झाकण उघडताना तोंडावर वाफ येत नाही. दुसरे, व्यावहारिक कारण: त्या वेळी गाव झोपलेले असते.

डिपस्टिक काढावी, पुसावी, परत घालावी आणि मग काढून पाहावी. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडे गेले म्हणजे इंजिनला जास्त जेवू घातले, असे पुण्य लागत नाही. जादा ऑईल फेसाळते आणि सील फोडून बाहेर येते. रेडिएटरमध्ये कूलंट घालावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतल्यास आतल्या नळ्यांवर तसाच थर धरतो, जसा न्हाणीघरातल्या बंबात.

रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालले असेल तर एअर क्लीनर रोज पाहावा. तळाशी ऑईलची वाटी असलेल्या प्रकारात गाळ साचला की ऑईल बदलून खुणेपर्यंतच भरावे. कोरडा कागदी फिल्टर असेल तर हलकी हवा आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारली की धूळ इंजिनाच्या दिशेने आणखी रुतते. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा; साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला की ठीक.

चाकांचे नट पहिल्या काही तासांतच आवळावेत. नटाखालचा नवा रंग दबतो आणि पकड सैल होते. आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे नट घ्यावेत. ग्रीस भरण्याआधी निप्पल पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. जुने ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन दाबावी. चिखलणी चालू असेल तर हे रोजचे काम.

टायरच्या बाबतीत गावाचा सिद्धांत असा की चाक मोठे तर हवा जास्त. सिद्धांत देखणा आहे, पण उलटा आहे. शेतकामात मागच्या मोठ्या टायरला साधारण 12 ते 15 पीएसआय पुरते आणि पुढच्या लहान टायरला त्याच्या जवळपास दुप्पट लागते. मागे हवा ठासून भरली की चाक जागेवर फिरते आणि डिझेल मातीत जाते.

पायरी तिसरी: ऑईल उतरवणे

इथे शास्त्र मालकाचा घात करते. 50 तासांचे ऑईल इंजिन कोमट असतानाच काढावे लागते, म्हणजे नव्या भागांच्या घर्षणातून सुटलेला धातूचा बारीक कीस त्याच्याबरोबर वाहून येतो. कोमट म्हणजे काम संपल्यावर. काम संपल्यावर म्हणजे संध्याकाळी. आणि संध्याकाळी पार भरलेला असतो.

घमेले सरकवताच पहिला सल्लागार हजर होतो.

“आण्णा, ऑईल नुसतं काळं तर झालंय. कशाला टाकताय?”

“पुस्तकात लिहिलंय, तात्या.”

“पुस्तकवाल्यांना ऑईल विकायचं असतं. आमच्या जुन्याला आम्ही नुसतं वरून घालायचो.”

आमच्या जुन्याचे पुढे काय झाले, हे विचारू नये. डिझेल इंजिनात ऑईल काजळीने लवकर काळे पडते, तेव्हा रंगावरून निवाडा करता येत नाही आणि कीस डोळ्यांना दिसत नाही, एवढे मनात म्हणावे आणि तात्यांना बॅटरी धरायला द्यावी. ते ती प्लग सोडून बोलणाऱ्याच्या तोंडावर धरतील, पण दोन्ही हात गुंतले की सल्ले निम्म्यावर येतात. पान्याला पाईप लावून प्लग आवळू पाहणाऱ्या तरुणाला चहा आणायला पाठवावे. प्लगचे आटे गेले तर चेंबर बदलायची पाळी येते.

नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ऑईल लावावे आणि फिल्टर हातानेच घट्ट करावा. ऑईल भरून इंजिन काही मिनिटे चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि डिपस्टिक पुन्हा पाहावी. काढलेले ऑईल ओढ्यात किंवा विहिरीकाठी ओतू नये. पिण्याचे पाणी तिथलेच आहे. डबा भरून सर्व्हिस सेंटरला किंवा जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे.

वॉरंटी राखायची असेल तर हा सगळा विधी शोरूमच्या मेकॅनिकच्या हातून करून कूपनवर शिक्का घ्यावा. मजुरी सहसा मोफत असते, ऑईल-फिल्टरचे पैसे आपले. तेव्हा बॅटरी मालकाने धरावी आणि ती प्लगवरच धरावी. वॉरंटी सरली की पाना आपल्या हाती येणार आहे.

निषिद्ध

डिझेल पंपाचे सील, टॅपेट आणि हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह यांना हात लावू नये. “जरा पंप वाढवून घ्या, ताकद येईल,” असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. पंप वाढवला की ताकदीआधी काळा धूर येतो, सील तुटल्याने वॉरंटी जाते आणि सांगणारा त्या दिवसापासून दुसऱ्या वाटेने जाऊ लागतो.

निष्कर्ष

रोजच्या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि पुस्तिकेतले हे प्रकरण चहा गार होण्याआधी वाचून होते. तेवढे करावे. गावात सल्ला फुकट मिळतो. रिंगा आणि लायनर रोखीने घ्यावे लागतात.