नानांची पक्कड

स्वयंपाकघरातला नळ गळतो, ही नानांच्या कानावर घालण्याइतकी मोठी गोष्ट नव्हती. चूक माझीच. शनिवारी संध्याकाळी जिन्यात नाना भेटले आणि मी सहज बोलून गेलो, "उद्या एक साधा स्क्रू पाना आणायचाय. दीडशे-दोनशेचा."

नाना पायरीवरच थांबले. चष्मा कपाळावर सरकवला. "साधा?" म्हणाले. मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा आवाज काढून, "एकला जाऊ नको, भाऊ. मी येस."

झालं. रविवार गेला.

नाना आमच्या लिंबायतच्या गल्लीतले. ऐन तरुणपणी अमळनेरकडून भुसावळ-सुरत पॅसेंजरनं आले, उधन्याला उतरले आणि लूमच्या खात्यात फिटर म्हणून चिकटले. (इथं कारखान्याला 'खातं' म्हणतात. नवख्याला वाटतं, सगळे बँकेतच कामाला आहेत.) आता निवृत्त. पण माणूस निवृत्त झाला तरी नजर निवृत्त होत नाही. गल्लीत कुणालाही हातोडी, करवत, पक्कड, टेस्टर, काहीही घ्यायचं असलं की नाना सोबत जातात. बोलावलं तर जातातच, नाही बोलावलं तर आधी जाऊन उभे राहतात.

असला पारखी माणूस प्रत्येक गावात एक असतोच. कुणी आंब्याची पेटी हुंगतो, कुणी नव्या फ्लॅटच्या भिंतीवर टकटक करून बिल्डरची कुंडली सांगतो. पण सुरतेची गोष्टच वेगळी. ज्या शहरात हजारो माणसं डोळ्याला आयग्लास लावून हिऱ्यातली खोट शोधतात आणि त्यावर घर चालवतात, तिथं एखाद्यानं दीडशे रुपयांच्या पक्कडीतली खोट शोधायला आयुष्य वाहिलं, तर नवल कसलं? नानांकडे आयग्लासही आहे. शेजारच्या हिरेघासूनं जुना झाला म्हणून दिलेला, दहापट मोठं दाखवणारा. त्यातून ते पक्कडीचे दात बघतात. बघून झालं की दुकानदाराकडेही एकदा त्यातूनच बघतात.

नानांच्या शर्टाच्या खिशात चार वस्तू कायम असतात. एक तेरा नंबरचा बोल्ट. एक कानशीचा तुटका तुकडा. हा आयग्लास. आणि आगपेटीत गुंडाळून ठेवलेला लूमचा धागा. आगपेटीत काड्या नसतात, त्यामुळे काकू घरात दुसरी ठेवतात.

आता धाग्याचं सांगतो, कारण ते बघण्यासारखं असतं. नाना पक्कड उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. मधल्या रिव्हेटवर जबडा डुगडुगतो का, हे अंगठ्यानं चाचपतात. मग पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरतात. जबड्यांच्या मधून उजेडाची चीर दिसली की खलास. नाही दिसली तर आगपेटी निघते. कृत्रिम धाग्याची एकच तार, केसापेक्षा बारीक, दोन बोटांत ताणून पक्कडीच्या कापायच्या धारेवर ठेवायची आणि हलकेच दाबायचं. तार टक्कन तुटली तर धार दोन्ही बाजूंनी एकमेकीवर बरोबर बसते. तार चिमटली, लोंबली, ओढल्यावर सुटून आली, तर पक्कड काउंटरवर परत. "जाड तार काय, दातानंबी तुटस," नाना म्हणतात. "बारीक तुटनी पाहिजे."

पान्याची परीक्षा कानानं होते. दुकानदाराकडून सुतळी मागायची, पाना तिला टांगायचा आणि नाण्यानं टिचकी द्यायची. घडवलेलं पोलाद बराच वेळ गुणगुणतं. साच्यात ओतून काढलेला सच्छिद्र माल 'ठक्क' करून गप्प. नाना डोळे मिटून ऐकतात. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, पोऱ्या चहा घेऊन उभा असतो, आणि नाना सुतळीला टांगलेल्या बारा-तेराच्या पान्यासमोर मैफलीत बसल्यासारखे डोलत असतात. मग खिशातला तेरा नंबरचा बोल्ट पान्याच्या जबड्यात. हलला की निकाल.

कानशीचा तुकडा मात्र दुकानदारांना मान्य नाही. नीट कडक केलेल्या धारेवरून कानस घसरते, मऊ लोखंडावर चावते, हे खरं. पण चावली तर माल खरवडला जातो ना! यावरून उधना मेन रोडवरच्या दोन दुकानांत नानांना बसायला स्टूल देणं बंद झालं आहे. त्यांनी पाना हातात घेतला की मालक स्वतः उठून येतो. परवा एकानं हसत हसत विचारलंच, "काका, फरी पाछा सुरत लूंटवा आव्या के?"

नाना शांतपणे म्हणाले, "त्या वेळचा माल चांगला होता."

बोलणं नानांचं असंच. अर्धी अहिराणी, पाव गुजराती, पाव हिंदी. अहिराणी आणि गुजराती एकमेकींच्या इतक्या जवळ, की दुकानदाराला सगळं कळतं आणि तेच त्याचं दुःख असतं. एका शब्दानं मात्र नानांना एकदा दगा दिला होता. गुजरातेत स्क्रू ड्रायव्हरला 'डिसमिस' म्हणतात. गावाकडून नव्यानं आलेल्या एका पोराला शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "डिसमिस लाव." पोरानं डबा उचलला आणि डोळे पुसत घर गाठलं. नाना ही गोष्ट पुतण्याची म्हणून सांगतात. काकू म्हणतात, पुतण्या तेव्हा जन्मलाही नव्हता.

मालाच्या कुळाबद्दल नानांची मतं पक्की आहेत. नाशिकच्या टपारियाचं नाव घेताना आवाज खाली येतो, सासरच्या थोर माणसाबद्दल बोलावं तसा. १९६९ साली स्वीडनच्या बाहको कंपनीकडून तंत्र घेऊन नाशकात पक्कडी घडायला लागल्या, हे ते गिऱ्हाइकालाही सांगतात आणि दुकानदारालाही. आणि लगेच बजावतात, की नाव पुन्हा एकदा वाच, एखादं अक्षर इकडंतिकडं नाही ना. जालंधर-लुधियानाच्या मालाला 'बरा' म्हणतात. राजस्थानातल्या नागौरकडून येणारा स्वस्त माल ते टाकून देत नाहीत, एकेक नग बघून घेतात. "नागौरमा कारागीर शे, पन नगवर नाव नही. नाव नही तर लाज नही." चिनी मालाबद्दल त्यांना काही बोलावं लागत नाही, कारण दुकानदारच सांगतो, चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक.

दांडीवर 'सीआर-व्ही' कोरलेलं असलं, म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम पोलाद, असं मला वाटायचं. नाना म्हणाले, अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही. आयएसआयचा छापसुद्धा नुसता बघून ते मानत नाहीत. छापाच्या वर आयएस क्रमांक हवा, पक्कडीला ३६५०. आणि खाली सीएम/एल करून परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचा. नानांचा फोन बटणांचा. म्हणून ते दुकानातल्या पोऱ्याच्या फोनवर त्याच्याच दुकानाचा माल तपासून घेतात. पोऱ्या बिचारा करतोही.

एका बाबतीत मात्र नाना थट्टा करत नाहीत. पक्कडीच्या दांड्यांवर लाल-पिवळं रबर असतं, ते बघून पोरं चालू लाइनला हात घालतात. खाली, भाड्यानं राहणाऱ्या वायरमनच्या पोराच्या हातून नानांनी एकदा पक्कड हिसकावून घेतली होती, चारचौघांत एक ठेवूनही दिली होती. विजेपासून वाचवणाऱ्या हत्याराच्या दांडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. बाकीचं रबर हाताला घट्टे पडू नयेत म्हणून. हे सांगताना नाना अहिराणीतून शुद्ध मराठीत येतात, म्हणजे प्रकरण गंभीर.

परीक्षा झाली की गॅरंटी. इथं खरे नाना सुरू होतात.

सुरतेत गॅरंटी बहुतेक तोंडी असते. "बेफिकर लई जाव. कंई थाय तो हुं बेठो छुं." काही झालं तर मी बसलोय. नाना विचारतात, "कुठवर बसशील?" छापील कार्ड असलं तर ते तिथंच, उभ्या उभ्या, मागच्या बारीक अक्षरांसकट वाचतात. बनावटीतला दोष असेल तरच बदलून मिळेल, झीज आणि गैरवापर धरला जाणार नाही. नाना विचारतात, पक्कडीनं खिळा ठोकला तर गैरवापर का? दुकानदार म्हणतो, हो. नाना म्हणतात, मग या देशात कुणाच्याच पक्कडीला गॅरंटी नाही.

कार्डावर शिक्का, तारीख, बिलाचा नंबर घेतल्याशिवाय नाना पायरी उतरत नाहीत. गल्लीतल्या साऱ्यांची गॅरंटी कार्डं त्यांच्याकडे असतात, घारीच्या रिकाम्या डब्यात, महिन्यावार. पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी गल्लीत शिरतं तेव्हा काकू धान्याचे डबे माळ्यावर टाकतात आणि नाना घारीचा. एका वर्षी डबा वाचला आणि खालची हत्यारं भिजली. सगळी गंजली. नानांनी कोरडीठाक कार्डं काढून एकेक वाचली. पुराचा उल्लेख कुठंच नव्हता. नानांच्या मते याचा अर्थ पूर गॅरंटीत बसतो.

मागं एका दुकानातून त्यांनी 'लाइफटाइम' गॅरंटीची पक्कड घेतली होती. घेतानाच विचारलं होतं, "कोनी लाइफटाइम? मनी, तुनी का पक्कडनी?" दुकानदार नुसता हसला. वर्षभरानं जबड्याचा टवका उडाला. नाना कार्ड घेऊन गेले, तर दुकानाच्या जागी लोचोचं काउंटर. गेली होती ती दुकानाची लाइफटाइम. पण नाना मागं फिरणारे नव्हेत. त्यांनी पक्कड लोचोवाल्याच्या बटर-शेवेच्या शेजारी ठेवली, कार्ड दाखवलं, पत्ता जुळतो की नाही ते विचारलं. पत्ता जुळत होता. दहा मिनिटांनी लोचोवाल्यानं हात जोडून एक प्लेट पुढं केली. नाना ती 'आंशिक भरपाई' म्हणून खातात, दर दोन-तीन महिन्यांनी. लोचोवाला त्यांना लांबून ओळखतो.

ग्राहक आयोगाची ओढ त्यांना तेव्हापासूनची. २०१९ चा नवा कायदा आला, त्यात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, हे कळल्यावर नाना आठवडाभर खुशीत होते. धंद्यासाठी घेतलेला माल कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतःच्या हातानं काम करणाऱ्यानं घेतलेला बसतो, हेही त्यांनी शोधून काढलं आणि गल्लीतल्या सगळ्या फिटर-वायरमनला दारोदार सांगितलं. मग एकशे चाळीस रुपयांच्या एका पेचकसाचं प्रकरण त्यांनी तयार केलं. टोक पिळलं होतं. तीन भाषांत तक्रार, आयग्लासमधून काढलेले फोटो, साक्षीदार मी. नोटीस घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं वाचली नाहीच. गल्ल्याखालून नवा पेचकस काढून नानांच्या हातात ठेवला आणि वर चहा सांगितला.

परतताना नाना एक शब्द बोलले नाहीत. इतका पडेल चेहरा मी त्यांचा पाण्याखाली गेलेल्या हत्यारांसमोरही पाहिला नव्हता.

अमेरिकेहून आलेल्या माझ्या मेव्हण्यानं एकदा त्यांना सिअर्सची गोष्ट सांगितली. तिकडं क्राफ्ट्समन म्हणून १९२७ पासूनचा हत्यारांचा छाप. मोडलेला पाना दुकानात न्यायचा, बिल नको, कार्ड नको, नवा घेऊन यायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. २०१७ मध्ये तो छाप दुसऱ्या कंपनीनं विकत घेतला. नाना ऐकत राहिले. "बिल नको?" "नाही." "तारीख?" "नाही." "मोडला कसा, कोनी विचारस नही?" "नाही, नाना." नानांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "मग तठे मानूस दिवसभर करस काय?"

तर तो रविवार. सकाळी दहाला निघालो, भागळपासून उधन्यापर्यंत आठ दुकानं केली, अकरा स्क्रू पाने बघितले. एकाचा जबडा डुगडुगला, एकाची गरारी अडकली, एकाचं क्रोम नखानं निघालं, एक सुतळीला टांगल्यावर ठक्क म्हणाला. एक मला अगदी निर्दोष वाटला. नानांनाही वाटला. म्हणूनच त्यांना संशय आला. दुपारचे साडेतीन वाजले, आम्ही रिकाम्या हातानं घरी.

स्वयंपाकघरात नळ बंद होता. बायकोनं प्लंबरला बोलावलं होतं, तो काम उरकून चहा पीत होता. शेजारी त्याचा पाना पडला होता. गंजलेला, जबड्याला चिंधी गुंडाळलेली, दांडी कुणीतरी वाकवून पुन्हा सरळ केलेली. नानांनी तो उचलला. आयग्लास न काढता नुसता हातात तोलला. मग सुतळी मागितली. पाना टांगला, टिचकी दिली. स्वयंपाकघरात बराच वेळ गुणगुण चालू राहिली. बायको गॅसजवळून वळून बघायला लागली.

"कोठून लिना?" नानांनी विचारलं.

"भंगारमधून, काका. किलोवर मिळतो."

"गॅरंटी?"

प्लंबर हसला. कप खाली ठेवला, पाना पिशवीत टाकला आणि पैसे घेऊन गेला. नाना खुर्चीत बसून राहिले. काकूंनी हाक मारली तरी उठले नाहीत.

येत्या रविवारी आम्ही दोघं भंगार बाजारात जाणार आहोत. आमचा नळ आता गळत नाही, हे मी नानांना सांगून बघितलं. नानांनी आपला ताणकाटा तेलपाणी करून तयार ठेवलाय. भंगारवाल्याच्या काट्याला, म्हणतात, गॅरंटी नाही.