फ्लेक्सकोश

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा पहिला खंड १९३२ साली निघाला आणि १९३८ पर्यंत सात खंड पूर्ण झाले. तेव्हा चौकात फ्लेक्स नव्हते. दादा-भाऊंचे वाढदिवस घरच्या घरी उरकत. त्यामुळे काही शब्द निसटले, काहींचे अर्थ बदलले, काहींच्या वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या. म्हणून ही छोटी पुरवणी. अकारविल्हे लावलेली नाही. फ्लेक्सवर फोटो लावतात तशी, वजन बघून लावली आहे.

भावी : (विशेषण) मागे पडलेला, पुढे उभा राहणारा. नगरसेवक, आमदार, सरपंच यांच्या आधी लागतो. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत गेली. तोवर भावी नगरसेवक खांबावरच. उन्हापावसात चेहरा उडाला, पद भावीच राहिलं. व्याकरणात याला अपूर्ण भविष्यकाळ म्हणतात.

कार्यसम्राट : (तत्पुरुष समास) पहिल्या पदाचा लोप झालेला.

आधारस्तंभ : फ्लेक्स ज्याला तारेने बांधतात तो विजेचा खांब. फ्लेक्सवर ज्यांच्या फोटोखाली हा शब्द छापतात, ते त्याच खांबाच्या आधाराने उभे असतात.

शुभेच्छुक : संधी सोडवा. शुभ + इच्छुक. ‘शुभ’ वाढदिवसापुरतं, ‘इच्छुक’ तिकीट मिळेपर्यंत. फ्लेक्सवर ‘शुभेच्छूक’ असा दीर्घ करतात, कारण इच्छुकांची रांग लांब असते.

हार्दीक : शेवटी ‘इक’ प्रत्यय, म्हणून ‘दि’ ह्रस्व हवा, फ्लेक्सवर दीर्घ. शेजारीच ‘आशिर्वाद’ असतो. त्यातला ‘शी’ दीर्घ हवा, फ्लेक्सवर ह्रस्व. म्हणजे एकूण हिशेब चोख. फक्त आशीर्वादाची तरतूद हृदयाकडे वळवलेली. पुणे महापालिकेत याला ‘वर्गीकरण’ म्हणतात.

तत्व : मूळ शब्द ‘तत्त्व’, त दोनदा. फ्लेक्सवर एकदाच. पक्ष बदलताना अख्खं तत्त्व जातं, तिथे एका त-चा हिशेब कोण मागणार? ‘महत्त्वा’तलाही एक त असाच गळतो. गळालेले हे त पुढे ‘युवा नेतृत्त्व’मध्ये सापडतात. ‘नेतृत्वा’ला खरं म्हणजे एकच त पुरतो, पण तिथे भरती नेहमीच जास्त. ‘उज्वल भविष्या’त एक ज कमी असतो. ती आगाऊ कापलेली टक्केवारी.

शेतकर्यांचे कैवारी : ‘ऱ्या’ ही मराठीची खास गरज. जेवण करणारा असेल तर आचाऱ्यांना, शिकवणारा असेल तर आचार्यांना. डोंगरात दऱ्या, कोकणात दर्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात नेताना हे अक्षर हमखास मोडतं आणि रफार होऊन वर जाऊन बसतं. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज होतंच. कैवाऱ्यांनी रफारही चढवला.

नाद खुळा, विषय हार्ड : कोल्हापूरकडचे. अर्थ सांगावा लागला तर तुम्ही कोल्हापूरचे नाही. या शब्दांत चूक शोधून दाखवा! ‘खुळा’मध्ये शेवटचं अक्षर दीर्घ, म्हणून आधीचा ‘खु’ ह्रस्व. नियम तंतोतंत पाळलेला, तोही न वाचता. ‘हार्ड’ इंग्रजीतून आला, तरी बिनचूक. इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक बोलताना आपल्या कानाला फारसा कळत नाही. तत्सम शब्दाची वेलांटी संस्कृतातून जशीच्या तशी पाठ करावी लागते. त्यामुळे घरच्या शब्दांत फ्लेक्सवाला ताठ चालतो. संस्कृतचं सोवळं नेसला की पाय अडकून पडतो. पडला तरी सोवळं सोडत नाही, कारण ‘भाऊंचा विषय हार्ड’ लिहून तिकीट मिळत नाही. त्यासाठी ‘विकासपुरुष’च व्हावं लागतं.

नियम : शुद्धलेखनाचे, एकूण १८. साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ केले, १९७२ साली आणखी ४. सरकारनेही ते मान्य केले. वेलांटी चुकली की शाळेत पोराचे गुण कापतात. पुढाऱ्याचे कापता येत नाहीत. कापायला ते आधी असावे लागतात.

विद्रूपण : कायद्यातला शब्द, त्यामुळे फ्लेक्सवर कधीच आढळत नाही. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ सालचा. विनापरवाना भिंत रंगवली, खांबाला काही टांगलं तर कारवाई होऊ शकते. मराठी ३ ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात आहे. मालमत्ता मात्र नाही. तेव्हा खांब विद्रूप केला तर तो गुन्हा. त्यावरची भाषा विद्रूप केली तर तो वाढदिवस.