जावयावर एकशेअडतीस!

अहो वहिनी, कढीपत्ता नंतर तोडा, आधी इकडे या. ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकूंनी जावयावर केस टाकली, चेक न वटल्याची, कलम एकशेअडतीसची! स्वतःच्या नव्हे हो, नणंदेच्या जावयावर. पण जावई तो जावईच ना. बारशाला गेले होते मी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

ते तीन लाख तुम्हाला माहीतच आहेत. २०२३ च्या दिवाळीत त्यानं दुकानाच्या डिपॉझिटला म्हणून काकूंकडून घेतलेले. तेव्हा काका म्हणाले होते, जावई माणूस, कागद कसला मागायचा? काकूंनी एक नाही की दोन नाही. पैसे बँकेतून खात्यावर पाठवले, आणि परतफेडीची वेळ आली तेव्हा त्याच्याकडून चेक घेतला. चेक तीनच महिने चालतो ना, आठ दिवस उरले असताना भरला. आला परत! खात्यात म्हणे चार हजार... आणि गळ्यात चेन बघितलीत का त्याच्या? जाऊ दे.

तर काय सांगत होते, काकूंनी कालनिर्णयवर लाल पेनानं गोल केला. आपल्याला वाटलं चतुर्थी! अहो, बँकेनं चेक परत आल्याचं कळवलं की ३० दिवसांत नोटीस जायला हवी, तो गोल त्याचा. नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. काकूंच्या धाकटीची ती मैत्रीण नाही का, वकील झालेली, तिनं पढवलंय सगळं.

आणि यानं काय करावं? पोस्टमनला म्हणाला, ‘परत ने, आम्हाला नको.’ काकूंचा चेहरा खर्रकन उतरला हो, पाकीट जसंच्या तसं परत, वर ‘घेण्यास नकार’ असा शेरा. पण वकीलबाई हसायलाच लागली. म्हणाली, पत्ता बरोबर असताना नाकारली म्हणजे मिळाली, असंच कोर्ट धरतं. घ्या! स्वतःच्या हातानं पोच दिली म्हणायची.

हां, तर बारसं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटत होत्या, आणि नणंदबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘जावयाला कोर्टाची नोटीस? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.’ काकू घुगऱ्यांची वाटी खाली न ठेवता म्हणाल्या, ‘आमच्या घरातून तीन लाख तरी कुठे कधी असे गेले होते?’ अहो, टाचणी पडली तर ऐकू येईल! नणंदबाईंचं तोंड हे एवढंसं. जावई म्हणतो, ‘मामी, तो चेक नुसता सिक्युरिटी म्हणून दिला होता.’ तर काकू म्हणतात कशा, ‘ते तिथे सांगा.’ कारण चेकवर सही याची आहे ना, मग तो देण्यापोटीच दिला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं तर यानंच पटवायचं. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत आत, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तीन लाखांचे सहा, हिशेब करा! आणि यानं गुन्हा कबूल नाही म्हटलं तरी निकालाआधीच वीस टक्क्यांपर्यंत भरायला लावू शकतात म्हणे. हे ऐकलं तेव्हा जावयानं हातातला पेढा तसाच परत ठेवला. मी बघितलं ना.

मला विचाराल तर काकूंना आत टाकायचं नाहीये कुणाला. भाचीचाच संसार आहे तो. लोकअदालतीत हप्ते बांधून मिटलं तर त्या तयार आहेत, पण लिहून, सह्यांनिशी. तिथला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपीलही नाही.

पण खरी गंमत काकांची. ते नाही का, सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधल्या मित्राला दिलेले? एक लाख ऐंशी हजार, रोख, पिशवीतून! तिकडे बारशात मिशीला पीळ देत होते, ‘मी असतो तर एका फोनवर वसूल केले असते.’ काकूंनी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी गेले पोलीस चौकीत, ‘चारशेवीस लावा’ म्हणून. हवालदार म्हणाला, काका, जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना आता तीनशेअठरा, तुमचं त्याआधीचं म्हणून चारशेवीसच. आणि तेही लागतं कधी, तर घेतानाच बुडवायचा डाव होता असं दिसलं तर. नुसते दिले नाहीत, ही दिवाणी बाब. बिचारे चपला हातात धरून आल्यासारखे आले हो घरी.

मग वकीलबाईकडे. ती विचारते, लिहून काय घेतलंय? काही नाही. केव्हा दिले? करोनातल्या गणपतीत, २०२१. अगं बाई, तीन वर्षांची मुदत! मुदत ठरली नसेल तर दिल्या दिवसापासून मोजतात, ती कधीच उलटली. काका म्हणाले, वीस हजारांच्या वर रोख घेतले म्हणून इन्कम टॅक्सला कळवतो. ती म्हणाली, कळवा की, दंड त्याला तेवढ्याच रकमेचा, पण तो सरकारजमा. तुम्हाला काय?

मग म्हणाली, एकच वाट आहे. मुदत गेलेलं देणं ‘मी फेडीन’ असं त्यानं कागदावर लिहून सही केली, तर तो नवा करार होतो, त्यावर दावा लावता येतो. तोंडी मात्र चालत नाही.

तेव्हापासून बघताय ना, काकांच्या खिशात वही आणि पेन? रोज सहाला बागेत. आणि तो मित्र, अहो, परवापासून उलट्या बाजूनं फेऱ्या मारतोय! समोरासमोर आले की बूट बांधायला वाकतो म्हणे. त्याच्या बुटांना नाडीच नाहीये, आमच्या ह्यांनी नीट पाहिलंय.