उपरण्याखालची इंग्रजी

दोन परक्या माणसांनी एकत्र येऊन कारखाना काढावा, त्यात एकाने जमीन व माणसे आणि दुसऱ्याने तंत्र व भांडवल घालावे, आणि पुढे होणाऱ्या नफ्यातोट्याचे दोघांनीही वाटेकरी व्हावे, ही गोष्ट मुळात इतकी सरळ आहे की ती सांगावयास दीड ओळ पुरावी. परंतु संयुक्त उपक्रमाच्या वाटाघाटींसाठी जी एक स्वतंत्र इंग्रजी जन्मास आली आहे, तिच्यात एकदा शिरलेला मनुष्य जाडजूड मसुदा काखोटीस मारल्याखेरीज बाहेर पडत नाही.

माझी उमेदीची वर्षे सरकारी कचेरीत इंग्रजी मसुदे घडविण्यात गेली. ‘मला असे कळविण्याचा आदेश आहे’ या मंगलाचरणाने आरंभ होऊन ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ या भरतवाक्याने संपणाऱ्या त्या पत्रांच्या जोरावर सासुरवाडीत माझ्या इंग्रजीचा अद्यापि दरारा आहे. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर परदेशी कंपन्या पुण्याच्या आसमंतात भागीदार शोधू लागल्या, तेव्हा भोसरीत पंपांचे सुटे भाग करणाऱ्या माझ्या मेहुण्याकडेही एका युरोपीय कंपनीचा खलिता आला, आणि ‘दाजी, तुम्ही नुसते शेजारी बसा, बोलायचं मी बघतो, पण त्यांना तुमचा चष्मा दिसला पाहिजे,’ असे म्हणून त्याने मला बैठकीस नेले.

त्या खलित्याची रचना मात्र माझ्यासारख्या जुन्या मसुदेकारालाही मुजरा करावयास लावणारी होती. आम्हांस आपल्याशी भागीदारी करावयाची आहे, असे त्यात कोठेही नमूद नव्हते. उभयतांस हितकारक ठरू शकेल अशा संबंधाच्या शक्यतेचा प्राथमिक विचार करण्याविषयी चर्चा करावयास आम्हांस आनंद वाटेल, असे होते. म्हणजे एवढ्या मजकुराने ती कंपनी कशालाही बांधली गेली नव्हती. फार तर आनंद वाटून घेण्यास.

प्रत्यक्ष बैठकीत तर ‘नाही’ हा शब्द कोणाच्या मुखावाटे बाहेरच पडेना. ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ असा अभिप्राय मिळालेली सूचना पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ अशी सुरुवात ऐकू आली की आमचे हिशेबनीस आपले कागद आवरू लागत. आणि जी बाब ‘इन प्रिन्सिपल’ मान्य होई ती व्यवहारात मान्य होण्याचा मुहूर्त सांगावयास कोणी ज्योतिषीही धजावला नसता. मेहुण्याचे लक्ष मात्र शब्दांकडे नव्हतेच. पाहुण्यांच्या प्रमुखापुढे एक पिवळी पेन्सिल होती. सौजन्याचे संभाषण चाले तोवर ती टेबलावर स्वस्थ पडून असे, आणि भागभांडवलाच्या टक्केवारीचा विषय निघाला की हळूच उचलली जाऊन तिचे टोक नखावर तपासले जाई. मेहुणा त्या पेन्सिलीवरून नजर काढीत नव्हता.

हे शिक्षण त्याला चाकणच्या बैलबाजारात, वडिलांच्या मागे उभे राहून मिळाले होते. तेथे हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात. वर तोंडाने बैलाच्या वशिंडाचे, खांद्याचे आणि चालीचे यथेच्छ गुणवर्णन चालते, आणि खाली बोटे दाबून जो आकडा ठरतो तो खेटून उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही. त्याच चाकणच्या माळावर आज जर्मन मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि सौद्याची रीतही फारशी पालटलेली नाही. उपरण्याचे काम तेवढे इंग्रजी करते.

या उपरण्याखालच्या बोटांत सर्वांत बोलके बोट सव्वीस टक्क्यांचे. कंपनी कायद्याप्रमाणे विशेष ठराव संमत होण्यास तीन चतुर्थांश मते लागतात; सबब ज्याच्या हाती चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक आहे, त्याला कारखाना चालविता आला नाही तरी अडविता खचित येतो. १९८२ साली सुझुकीने मारुतीत शिरताना सव्वीस टक्केच घेतले, आणि १९८४ साली हीरो व होंडा एकत्र आले तेव्हा त्या दोघांचाही हिस्सा सव्वीस-सव्वीसच होता. आमच्या पाहुण्यांनीही परस्परविश्वासावर एक रसाळ व्याख्यान देऊन झाल्यावर, केवळ प्रतीकादाखल म्हणून, हाच आकडा सुचविला.

बैलबाजारात विसार दिला की सौदा पक्का. येथे सामंजस्याच्या करारावर सही, हस्तांदोलन आणि छायाचित्र होऊनही कोणी कोणाचे काही लागत नाही. सद्भावनेने वाटाघाटी चालू ठेवू, असा नुसता करार बंधनकारक नव्हे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ साली ‘वॉल्फोर्ड विरुद्ध माइल्स’ या खटल्यात सांगूनच टाकले आहे. आणि ज्यांनी ही भाषा जगाला दिली त्यांच्याच सर्वोच्च न्यायपीठाने तिच्यावर इतपतच भरवसा ठेवावा, हे मला मोठे प्रामाणिकपणाचे वाटते.

गंमत अशी की या मसुद्यांतील गोड नावांची कलमेच जपून वाचावी लागतात, आणि ज्याचे नाव ऐकून अंगावर काटा यावा ते कलम बहुधा न्यायाचे निघते. ‘रशियन रूलेट’ नावाचे एक कलम आहे. भागीदारांचे हाडवैर झाले तर एकाने हिश्श्याची किंमत सांगावयाची, आणि दुसऱ्याने त्याच भावाने एक तर आपला हिस्सा विकावयाचा, नाही तर त्याचा विकत घ्यावयाचा. म्हणजे किंमत सांगणाऱ्यास खोटे बोलण्याची सोयच उरत नाही. मेहुण्याला कलमाचे नाव उच्चारता आले नाही, पण मर्म तत्काळ कळले. त्याने विचारले, ‘साहेब, मोडायची वेळ आली तर मशीनी कुणाच्या, आणि नाव कुणाचं?’ मी त्याचे इंग्रजी केले. एकही विशेषण न लावता. पेन्सिल उचलली गेली, आणि दोन दिवस आडून चाललेले बोलणे त्यानंतर तासाभरात उरकले.

शाश्वत मैत्रीचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी जो तह केला, तो शीर्षकातच ‘चिरकालिक’ म्हणविणारा होता. कंपनीने फौज पुरवावयाची आणि पेशव्यांनी तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, असा तो उपक्रम. सोळा वर्षे पुरी होण्याआत पेशवाईच उरली नाही. उलट टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांच्या मुदतीचा करार केला. मुदत १९६९ साली सरली, आणि कंपनी आपल्या नावाने ट्रक बनवीत राहिली. मेहुण्याची भागीदारीही ठरल्या तारखेस संपली. यंत्रे भोसरीत राहिली, आणि पाहुण्यांच्या निरोपाच्या पत्रात मैत्रीविषयी अवाक्षरही नव्हते.

म्हणून ज्यांच्या दारी असा खलिता येईल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, मसुदा शेवटच्या पानावरून वाचावयास घ्यावा. वेगळे कसे व्हावयाचे हे जेथे स्वच्छ लिहिले असेल तेथे बेलाशक सही करावी, आणि जेथे मैत्री चिरकालिक असेल तेथे चहा घेऊन उठावे.