जरा उलटं करा

नाना कुणाच्या घरी गेले की बेल वाजवत नाहीत. बोटाच्या पेराने दारावर टकटक करतात, कान लावतात, दोन बोटं खाली सरकून पुन्हा टकटक करतात. आतला माणूस कडी काढेपर्यंत निकाल तयार असतो. "फ्लश डोअर. मधे पोकळ." मग चपला काढतात आणि मग "कसे आहात?"

दार एक वेळ ठीक. ते जागेवरून हलत नाही. जे हलतं त्याची धडगत नसते.

पुतण्यासाठी नंदुरबारला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला, मुलगी खाली मान घालून बसली. मुलीचे वडील अभिमानाने म्हणाले, "हा टीपॉय हिच्या मामाने दिलाय. सागवानी." मी डोळे मिटले. नानांनी कपबशी खाली फरशीवर ठेवली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "जरा उलटं करता का?" मुलीच्या वडिलांना वाटलं, बशीबद्दल बोलताहेत. त्यांनी बशी उलटी केली. पुढच्या पाच मिनिटांत टीपॉयचे पाय छताकडे होते, नाना गुडघ्यांवर होते आणि मुलगी मान वर करून प्रथमच मनापासून हसत होती. "वरून सागाचा पापुद्रा, खाली पाइन. मामाला फसवलंय हो." लग्न जमलं, त्यात नानांचा हात नाही. मुलीच्या माहेरी त्यांना अजून 'उलटे नाना' म्हणतात.

यामागे त्यांचं तत्त्वज्ञान आहे. समोरची बाजू पाहुण्यांसाठी असते. पॉलिश मारणारा मिस्त्री जिथे कंटाळतो, तिथून लाकूड खरं बोलायला लागतं. तिथे नख मारायचं, थुंकी लावून रंग बघायचा, वास घ्यायचा. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि हाताला तेलकटपणा लागतो. आडव्या कापावर भिंग धरलं तर बारीक भोकांच्या रांगा वर्षावर्षाच्या वर्तुळात बसलेल्या दिसतात. हे सगळं मला पाठ आहे, कारण हे मी बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये आणि एकदा तेराव्याला ऐकलं आहे. तेराव्याला त्यांनी पाट उलटा केला होता. "शिवण. आता मिळत नाही," एवढंच बोलले. पण पाटावर बसायला आलेले गुरुजी ताटकळत उभे होते.

सुरतेत राहून लाकडाचं वेड लागलं तर नवल नाही म्हणा. डांगचं जंगल हाकेच्या अंतरावर. बिलिमोऱ्याहून वघईला जाणारी छोटी गाडी गायकवाड सरकारने घातली तीच मुळी तिथलं लाकूड बाहेर काढायला. कापलेल्या लाकडी कांड्या एकमेकींना चिकटवून आडव्या चकत्या काढायच्या आणि त्यांची नक्षी पेटीवर जडवायची, ती सादेली इथलीच. (सादेलीची पेटी नानांनी प्रदर्शनात उलटी केली. दुकानदाराने ती हातातून काढून घेतली.) आणि लवजी नसरवानजी वाडिया तर नाना आपले चुलत आजोबा असल्यासारखे सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली त्यांना सुरतेहून मुंबईला नेलं, तिथल्या गोदीत जहाजं बांधायला. त्यांच्याच घराण्याने १८१७ मध्ये मलबारी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' पाण्यात सोडलं. इंग्लंडात हार्टलपूलला ते अजून तरंगतंय. मुलाने फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा नानांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "खालून नाही घेतला?"

इथले गुजराती मित्र मराठी माणसाला 'तुम्ही आम्हाला लुटलं' म्हणून चिडवतात. नाना शांतपणे दुरुस्ती करतात. "दोनदा. १६६४ आणि १६७०. राजांनी सोनं नेलं. सुतार न्यायचा राहिला, तो इंग्रजांनी नेला."

नोकरी म्हणाल तर उधन्याच्या लूम कारखान्यात जॉबर. माग भंगारात गेले तेव्हा सगळ्यांनी हिशोबाचे पैसे घेतले. नानांनी पैशांबरोबर एक धोटाही उचलून आणला. लाखो फेऱ्यांनी गुळगुळीत झालेलं ते लाकूड त्यांना आजतागायत ओळखता आलेलं नाही. परदेशी आहे, एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

अडाजणला आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांची गॅलरी म्हणजे वर्कशॉप. करवती, रंधे, गुण्या, गिरमिट, शिकंजे आणि लहानमोठ्या एकोणीस पटाश्या. रंध्याच्या पात्याला धार लागली की नाही हे ते हाताचे केस भादरून बघतात. त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत असतो, उजवा अस्वलासारखा. पावसाळ्यात कुणाचा ड्रॉवर फुगून अडकला की मेणबत्ती घासून देणार. स्क्रूचं भोक सैल झालं की आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकणार. पैसे घेणार नाहीत. त्याऐवजी पाऊण तास व्याख्यान देणार, ते पैशापेक्षा महाग पडतं. भुसा खाली जोशीकाकूंच्या पापडांवर पडतो आणि काकू पापड उलटे करून झटकतात. काकूंना स्टूल करून देतो म्हणून २०११ साली माप घेतलं होतं. स्टुलाचे तीन पाय तयार आहेत.

हजिऱ्याहून घोघ्याला बोट सुरू झाली तेव्हा मला अलंगला घेऊन गेले. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विकायला मांडलेलं असतं. दुकानदार म्हणाला, "काका, प्योर बर्मा साग छे!" नाना म्हणाले, "जरा उलटं करा." तो केबिनचा दरवाजा उलटा करायला चार माणसं लागली. आत प्लाय निघालं. नानांना जो आनंद झाला, तो अस्सल साग निघाला असता तरी झाला नसता. परतीच्या बोटीत मी मुद्दाम टेबलापासून लांब बसलो.

ऑगस्ट २००६ चं सांगायचं राहिलं. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. तळमजल्यावरचे आम्ही सगळे नानांकडे वर, एका खोली-किचनमध्ये सतरा माणसं. तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. नानांनी पलंगाखालचा खजिना ओढून काढला. वर्षानुवर्षं जमवलेले तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. गॅलरीत घमेल्यात त्यांनी ते स्वतः रचले: आधी बाभूळ, मग खैर, मग ऐन. प्रत्येक तुकडा आगीत टाकण्याआधी एकदा हुंगायचे. खिचडी शिजत आली आणि जाळ मंदावला. एक हातभर सागाचा तुकडा उरला होता. नानांनी तो परत पलंगाखाली सारला. "हा नाही." माझी आई त्या अर्ध्याकच्च्या खिचडीवरून पुढे बरीच वर्षं बोलत असे. माणसापेक्षा लाकूड मोठं यांना, वगैरे.

पाणी उतरल्यावर गल्लीभर चिखलात कपाटं उभी होती. भुशाच्या बोर्डाची सगळी पावासारखी फुगलेली. नाना पिशवीत पटाश्या घेऊन दारोदार फिरले, अडकलेली दारं तासली, लोकांना ओरडले, "उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या, तडकेल." आठवडाभर त्यांनी कुठेही टकटक केली नाही. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

आमचं कपाट मात्र टिकलं. वडिलांनी १९८७ मध्ये करून घेतलेलं, आईच्या दोन बांगड्या मोडून. वघईचा साग, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मागचे दोन पाय पुरात मऊ पडले होते, ते नानांनी बदलून दिले. दार लावून काम केलं, कुणाला आत येऊ दिलं नाही. वडील म्हणाले, "साग होता म्हणून राहिलं. काय नाना?" नाना हत्यारं पुसत म्हणाले, "सागच."

गेल्या महिन्यात आम्ही वेसूला राहायला गेलो. टेम्पोवाल्या पोरांनी कपाट दारातून निघेना म्हणून आडवं केलं, मग पुरतं उलटं. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याचा तळ बघत होतो. पॉलिश तिथवर पोचलेलंच नव्हतं. लाकूड फिकट, भरड. नख रुतलं. वास काहीच नाही. आंबा. नुसता आंबा, वर सागाचा रंग मारलेला. फक्त मागचे दोन पाय गडद होते आणि हाताला तेलकट लागत होते. एका पायाच्या आतल्या बाजूला, नानांच्या अक्षरात, अर्धवट तासली गेलेली पेन्सिलीची खूण होती: 'साग, डां'.

वरून जिन्यात चपला वाजल्या. कठड्यावर टकटक झाली. नाना निरोप द्यायला उतरत होते.

"सरळ करा," मी पोरांना म्हटलं, "लवकर सरळ करा."