लांबलचक नावांचे माहात्म्य

तळा या रायगडातल्या तालुक्याचे नाव दोन अक्षरांत संपते. फलक रंगवणाऱ्याचा ब्रश नीट ओला होण्याआधीच. वेल्समधल्या एका खेड्याने उलटी वाट धरली. 1860 च्या दशकात पर्यटकांना भुरळ घालण्यासाठी त्याने आपले नाव 58 रोमन अक्षरांपर्यंत ताणले. गावकरी मात्र ते 'लॅनफेअर पीजी' एवढ्यावरच उरकतात. इंग्रजी कोशातला 45 अक्षरी फुप्फुसरोगही असाच, 1930 च्या दशकात शब्दकोड्यांच्या शौकिनांनी मुद्दाम घडवलेला. रोगी कमी, पाठ करणारे जास्त.

मराठीत ही हौस समासांवर भागते. रेल्वेच्या सिग्नलसाठीचा 'अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका' हा शब्द भाषाशुद्धीच्या थट्टेसाठी सांगितला जातो. तो उच्चारून होईतो गाडी पुढचे स्टेशन गाठेल. थट्टेकरी तो खुशाल सावरकरांच्या नावावर खपवतात. त्यांचे रुळलेले शब्द मात्र 'महापौर', 'दिनांक' असे आटोपशीर. 2017 साली नावात 'महाराज' आल्यावर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस प्रवाशांच्या तोंडी 'सीएसएमटी' झाले. आदर फलकावर, घाई जिभेवर. तळा गावात रेल्वे नाही, त्यामुळे तिथे सिग्नलचाही प्रश्न नाही आणि आद्याक्षरांचाही.