साखर सोडलेला माणूस

साखर सोडलेला माणूस पोटावरून ओळखू येत नाही, कारण पोट होतं तिथेच असतं. त्याच्यापुढे चहाचा कप ठेवावा लागतो. "साखरेचा का? मग राहू दे. आम्ही गुळाचा घेतो," हे तो अशा सुरात म्हणतो, की घरात साखरेचा डबा ठेवल्याबद्दल यजमानीणबाईंनाच अपराधी वाटावं. मग डबे धुंडाळून गूळ सापडतो, घाईघाईत उकळत्या चहात पडतो आणि दूध नासतं. "गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा असतो," हे तो त्यानंतर सांगतो. दुसऱ्या कपासोबत गुळपापडीच्या चार वड्या जातात. गुळाच्या असल्यामुळे त्या मोजायच्या नसतात.

पदार्थ बदलला की वजन उतरतं, असा त्याचा सिद्धांत आहे. हिशेब मात्र त्याच्या बाजूचा नाही. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात सुमारे 380. चमचाभर साखरेच्या जागी अंमळ मोठा खडा पडला, की संपूर्ण त्यागावर पाणी. "पण गुळात लोह असतं!" हे त्याचं हुकमी पान. असतं की, पण कपातल्या पाच-दहा ग्रॅम गुळात ते असणार किती, आणि चहातली टॅनिनं त्यातलं अंगी किती लागू देणार? तेलाचंही तेच. शेंगदाण्याचं असो नाहीतर महागडं ऑलिव्हचं, एका ग्रॅमला 9 कॅलरी ठरलेल्या. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास, आणि अर्धा तास झपझप चालून साधारण तेवढ्याच खर्च होतात. पोळीऐवजी भाकरी घ्यावी, तर गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीनं पोट लवकर भरतं हे मान्य, पण त्याची भाकरी एकटी कधी येत नाही. लोण्याचा गोळा, तेलात पोहणारा ठेचा आणि शेवटी पुन्हा गुळाचा खडा असा गोतावळा घेऊनच येते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवा, असं सांगितलं, तेव्हा यानं ती 55 मिनिटं हजेरीपटावरच्या कामासारखी पूर्ण भरून दिली.

मग रोजच्या लहानसहान बदलांना अर्थच नाही का? आहे, आणि इथे त्याची बाजू घ्यायलाच हवी. कोल्ड्रिंकच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमांच्या वर साखर असते. तिच्याऐवजी साधं ताक घेतलं तर ती सगळी वाचते. फरसाणाच्या जागी मोड आलेली मटकी, दुसऱ्या वाढपाच्या भाताच्या जागी कोशिंबीर, या अदलाबदलीत काहीतरी खरंच वजा होतं. त्याच्या लाडक्या अदलाबदलींत काहीच वजा होत नाही. उलट 'हे चालतं' म्हणून वर एक वडी मिळते.

तरी त्याच्यावर फार रागावता येत नाही. आपल्याकडे जाड माणसाला सल्ला द्यायची दुसरी प्रचलित रीत म्हणजे भर लग्नात "अगं, किती सुटलीस!" असं ओरडणं. हा तसं कधीच बोलत नाही. 'खाऊ नका' हे शब्दच त्याच्याकडे नाहीत. पाहुण्याचं 'नको' ऐकून न घेण्यालाच जिथे पाहुणचार म्हणतात, तिथे आग्रह आणि पथ्य एकाच ताटात वाढण्याची युक्ती त्यानं काढली आहे. त्याच्या घरून कुणी उपाशी परतत नाही, आणि मधुमेही पाहुण्याला गुळाचा लाडू देताना त्याच्या मनात निव्वळ माया असते. (मधुमेह्यानं तो खाऊ नये, हे वेगळं. गुळानंही साखर वाढतेच.)

एक मात्र विचारायचं राहतं. त्याचा गुळाचा चहा वेगळा, सासूबाईंचा बिनसाखरेचा वेगळा, मुलांच्या पोळ्या वेगळ्या, त्याची भाकरी वेगळी, आणि मटकीला मोड आणायला आदल्या रात्री फडक्यात बांधून ठेवायची, ती वेगळीच. हे सगळं पहाटे उठून करणारी बाई या सिद्धांतात कुठेच नसते. पुढच्या वेळी तो तुम्हाला साखरेऐवजी गूळ सुचवील, तेव्हा कॅलरीवरून वाद घालू नका. "तुमच्या घरी पहिला वेगळा चहा कोण टाकतं?" एवढंच त्याला विचारा.